प्रौढांची अक्षरओळख आणि संगणक

ज्याला वाचतां येतें, त्याला वाचतां न येणें म्हणजे काय याची कल्पना सहसा करतां येत नाहीं. अक्षर दिसलें कीं डोळ्यांनीं तें वाचून टाकलेंच. न वाचण्याची मोकळीकच त्याला उरत नाहीं. दुकानावरील पाटी, बसच्या कपाळावरचें गांवाचें नांव, मुलाच्या शाळेंतून आलेली चिठ्ठी, हीं सारीं आपण होऊन त्याच्याशीं बोलूं लागतात. पण हाच सुशिक्षित मराठी गृहस्थ एखादे दिवशीं चेन्नईच्या पेठेंत जाऊन उभा राहिला, आणि भोंवतीं केवळ तमिळ लिपीच असली, म्हणजे त्याची स्थिति एकदम पालटते. पाट्या दिसतात, पण बोलत नाहींत. रस्ता कोणाला तरी विचारावा लागतो, आणि सांगणारा जें सांगेल त्यावर विश्वास ठेवून चालावें लागतें. फरक इतकाच कीं, हा गृहस्थ दोन दिवसांनीं आपल्या गांवीं परततो. निरक्षर माणसाला परत जाण्यासाठीं असें दुसरें गांव नसतें.

भारतांत अशा माणसांची संख्या अजूनहि थोडी नाहीं. १९५१ च्या जनगणनेंत दर शंभर माणसांत सुमारें १८ साक्षर आढळलीं होतीं. २०११ च्या जनगणनेंत सात वर्षांवरील शंभर माणसांत तीं सुमारें ७३ झालीं. साठ वर्षांतील ही मजल मोठी खरी. परंतु जीं मागें राहिलीं त्यांत वाढत्या वयाचीं माणसें, आणि त्यांतहि स्त्रिया, अधिक आहेत. तीं कोठें दूर रानावनांत राहतात असेंहि नव्हे. शहरांतील घरांत सकाळीं भांडीं घासावयास येणारी बाई, इमारतीच्या दाराशीं रात्रभर बसणारा रखवालदार, रस्त्याच्या कामावर खडी वाहणारी मजूर स्त्री, यांपैकीं कित्येकजण कागदावर अजून अंगठाच उठवितात. लहान मुलाच्या अक्षरओळखीची काळजी शाळा वाहते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या अक्षरओळखीची काळजी कोणीं व कशी वाहावयाची, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याच्या उत्तरांत संगणकाला कितपत स्थान आहे, हें पाहण्यासारखें आहे.

प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. मुंबई शहरांत १९३९ सालीं प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांतून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढें महाराष्ट्रभर पसरली. १९८८ सालीं राष्ट्रीय साक्षरता अभियान आलें. या प्रयत्नांनीं लक्षावधि माणसांच्या हातीं पाटी आणि पेन्सिल दिली. तथापि प्रौढांच्या वर्गाला सर्वत्र दोन अडचणी आडव्या येत. पहिली वेळेची. राष्ट्रीय अभियानाचीं तीन वाचनपुस्तकें पुरीं करावयास सुमारें दोनशें तास धरलेले असत. दिवसभर मजुरी करून आलेल्या माणसानें रोज एक तास काढावयाचा म्हटलें तरी हे साडेसहा महिन्यांहून अधिक होतात. तेवढ्यांत पेरणी येते, घरांत लग्न निघतें, मूल आजारी पडतें. वर्ग एकदां चुकला कीं मागें पडल्याची लाज वाटते, आणि लाज वाटूं लागली कीं वर्ग सुटतो. दुसरी अडचण विस्मृतीची. महत्प्रयासानें शिकलेलीं अक्षरें वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर वर्षादोन वर्षांत पुसून जातात, आणि सही तेवढी मागें उरते.

यांपैकीं पहिल्या अडचणीवर २००० सालीं एक उपाय योजण्यांत आला. तो योजणारे गृहस्थ शिक्षणखात्यांतले नव्हते, यंत्रविद्येंतले होते. फकीरचंद कोहली हे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संगणक-व्यवसायाचे पहिले सूत्रधार. १९२४ सालीं पेशावर येथें जन्मलेल्या आणि २०२० सालीं निधन पावलेल्या या गृहस्थांनीं उतारवयांत प्रौढ निरक्षरतेचा प्रश्न हातीं घेतला. त्यांचा विचार साधा होता. वाचन आणि लेखन हीं दोन्ही एकदम शिकवूं लागल्यानें वेळ लागतो. तेव्हां आधीं वाचन शिकवावें, आणि लेखनाची गोडी वाचनांतूनच निर्माण होऊं द्यावी. शिकविण्याचा मजकूर राष्ट्रीय अभियानाच्या पुस्तकांतलाच घ्यावा. मात्र तो हलत्या चित्रांच्या व आवाजाच्या रूपानें संगणकाच्या पडद्यावर आणावा. त्या वेळीं आंध्र प्रदेशाच्या मेदक जिल्ह्यांत असलेलें आणि आतां तेलंगणांत मोडणारें बीरमगुडा हें गांव पहिल्या प्रयोगासाठीं निवडण्यांत आलें, आणि पाठ तेलुगूंत तयार झाले. यंत्रें जुनींच, कचेऱ्यांतून बाद होण्याच्या वाटेवरचीं. वर्ग पंधरा-वीस माणसांचा. पाठ चालविण्यास पदवीधर शिक्षक नको. गांवांतलाच कोणी वाचतां येणारा माणूस यंत्र सुरू करून शेजारीं बसला म्हणजे झालें. अशा रीतीनें चाळीस ते पंचेचाळीस तासांत, म्हणजे रोजचा एक तास धरल्यास दीड महिन्याच्या आंतबाहेर, शिकणारा सोपा मजकूर वाचूं लागतो असें आढळून आलें. पुढें तमिळ, हिंदी, मराठी, बंगाली इत्यादि भाषांतहि असे पाठ तयार झाले, आणि लाखाहून अधिक माणसें त्यांवर शिकलीं.

चाळीस तासांचा हा हिशेब अगदीं अपूर्व होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. १९६३ सालीं ब्राझील देशांत आंजिकोस या गांवीं पाउलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञानें सुमारें तीनशें मजुरांना जवळजवळ तेवढ्याच तासांत वाचावयास शिकविलें होतें. त्याच्याजवळ संगणक नव्हता; भिंतीवर चित्र पाडणारें यंत्र तेवढें होतें. तो मजुरांच्या जीवनांतलेच शब्द निवडी. वीट हा त्यांपैकीं एक प्रसिद्ध शब्द. वीट कोण घडवितो, ती कोणाच्या घराला लागते, आपलें घर विटांचें कां नाहीं, अशी आधीं चर्चा होई, आणि मग तो शब्द फोडून अक्षरें दाखविलीं जात. पुढच्याच वर्षीं त्या देशांत लष्करी राजवट आली, फ्रेरी तुरुंगांत गेला आणि नंतर त्याला देश सोडावा लागला. त्याचा प्रयोग आणि बीरमगुड्याचा प्रयोग यांत हेतूचा पुष्कळ फरक आहे. पण एक गोष्ट दोहोंत समान आहे. दोघांनींहि सुट्या अक्षरांपासून आरंभ न करतां माणसाच्या तोंडीं आधींच असलेल्या शब्दापासून आरंभ केला.

प्रौढाच्या शिक्षणाचें मर्म येथें आहे. लहान मूल शाळेंत येतें तेव्हां त्याची भाषाहि अजून वाढत असते. प्रौढाचें तसें नाहीं. पन्नास वर्षांच्या निरक्षर स्त्रीला हजारों शब्द येतात. ओव्या येतात, म्हणी येतात, बाजाराचा हिशेब तोंडीं येतो, नात्यागोत्याचे बारीक भेद येतात. तिच्याजवळ भाषेचें भांडार पूर्ण आहे. फक्त त्या भांडाराचें एक दार बंद आहे. कानाला ठाऊक असलेला शब्द डोळ्याला ओळखतां यावा, एवढाच जोड करून द्यावयाचा असतो. तिला 'घर' या शब्दाचा अर्थ शिकविण्याचें कारण नाहीं; त्याचा आकार तेवढा दाखवावयाचा आहे.

हा जोड पडद्यावर कसा साधतां येतो, तें मराठीच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, पहिला शब्द 'घर' हाच आहे. पडद्यावर घराचें चित्र येतें, आवाज 'घर' असें म्हणतो, आणि चित्राखालीं शब्द उमटतो. कांहीं वेळानें चित्र विरून जातें व शब्द तेवढा उरतो. मग तो शब्द दुभंगतो. 'घ' एका बाजूला सरकतो, 'र' दुसऱ्या बाजूला. दोन्ही पुन्हां जवळ येतात आणि 'घर' होतें. त्यानंतर तोच 'र' 'रस' या शब्दाच्या आरंभीं आणि 'नगर' या शब्दाच्या शेवटीं जाऊन बसतो. शिकणाऱ्याच्या ध्यानांत येतें कीं, शब्द पुष्कळ असले तरी ज्या तुकड्यांचे ते बनतात ते थोडेच आहेत आणि पुनःपुन्हां तेच येतात. हें ज्या घटकेला उमगतें, त्या घटकेपासून पाठांतर संपतें आणि वाचन सुरू होतें.

नागरी लिपीच्या कांहीं खोडी पडद्यावर विशेष चांगल्या रीतीनें उलगडतात. 'कि' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधीं येते, आणि उच्चारतांना तिचा स्वर मागून येतो. 'र' हें अक्षर तर बहुरूप्यासारखें आहे. 'सूर्य' या शब्दांत तें पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतें, 'चक्र' या शब्दांत मागच्या अक्षराच्या पायाशीं जातें, आणि 'दर्या' व 'दऱ्या' या दोन शब्दांत त्याच्या दोन निराळ्या आकृतींवरून समुद्र कीं डोंगरांतील घळी याचा निर्णय होतो. फळ्यावर गुरुजी पाठमोरे राहून लिहितात आणि बाजूला होतात, तेव्हां विद्यार्थ्याला दिसतें तें तयार झालेलें अक्षर. तें तसें कां झालें हें दिसत नाहीं. पडद्यावर 'र' आपली जागा सोडून वर चढतांना, आंखडतांना आणि रफार होऊन बसतांना डोळ्यांदेखत दिसतो, आणि एकदां पाहून समजलें नाहीं तर दहा वेळां पाहतां येतो.

हें 'दहा वेळां' वरवर वाटतें त्याहून महत्त्वाचें आहे. जिची नात दुसरी-तिसरींत शिकत आहे आणि भराभर वाचते, त्या आजीला वर्गांत चौघांसमोर चुकण्याची भीति मोठी असते. न येण्यापेक्षां न येणें दिसणें तिला अधिक बोचतें. यंत्र कंटाळत नाहीं, घड्याळाकडे पाहत नाहीं आणि हंसतहि नाहीं. उद्योगाच्या जगांत यंत्राच्या ज्या निर्विकारपणाबद्दल त्याला नांवें ठेवतात, तोच निर्विकारपणा येथें उपकारक होतो.

यंत्राच्या या गुणाची पारख पूर्वीच झालेली होती. अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठामध्यें १९६० सालीं डोनाल्ड बिट्झर यांनीं 'प्लेटो' नांवाची शिकविणारी संगणक-योजना उभी केली. १९६६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पॅट्रिक सपीस व रिचर्ड ॲटकिन्सन या दोघांनीं जवळच्याच एका प्राथमिक शाळेंत पहिलीच्या मुलांना वाचन व गणित संगणकावर शिकविण्यास आरंभ केला. मूल जें उत्तर देईल त्यावरून पुढचा प्रश्न कोणता विचारावयाचा तें यंत्रानें ठरवावें, ही त्यांतली कल्पना. ती उत्तम होती. पण त्या काळचीं यंत्रें खोली व्यापून टाकणारीं आणि सामान्य शाळेच्या ऐपतीबाहेरचीं होतीं. कल्पना राहिली आणि यंत्र मात्र उत्तरोत्तर लहान व स्वस्त होत गेलें. आज रखवालदाराच्या खिशांतला मोबाइल फोन हा त्या जुन्या यंत्रांहून कितीतरी पटींनीं समर्थ असा संगणकच आहे.

मग यंत्र हातीं दिलें कीं साक्षरता आपोआप येईल काय? येथें मात्र सावधगिरीनें बोलावें लागतें, आणि आजवरच्या अनुभवानें ती सावधगिरी शिकविली आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, यंत्राला फसवितां येतें, तेंहि शिकणाऱ्याच्या नकळत. चित्र पडद्यावर फार वेळ राहिलें तर माणूस चित्रच ओळखतो आणि शब्द वाचला असें समजतो. उत्तर बरोबर येतें, यंत्र शाबासकी देतें, आणि अक्षर कोरेंच राहतें. शेजारीं बसलेल्या माणसाच्या हें तत्काळ लक्षांत येतें, तो शब्दावर बोट ठेवून म्हणतो, "हें कोणतें?" दुसरी गोष्ट बोलीची. यंत्र प्रमाण मराठींत 'पाणी' म्हणतें. शिकणाऱ्या बाईच्या तोंडीं जन्मभर 'पानी' आहे. तिनें 'पानी' म्हटलें म्हणजे ती चुकली असें नव्हे. तिची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत एवढा फरक आहे. पण हें तिला कोणी तरी आपुलकीनें सांगावें लागतें, नाहीं तर आपल्या बोलण्यांतच कांहीं खोट आहे असें ती धरून चालते. तिसरी गोष्ट हाताची. पडद्याकडे पाहून वाचन येतें, परंतु अक्षर वळविणें हा बोटांचा अभ्यास आहे. त्याला पाटी, पेन्सिल आणि हात धरणारा कोणी तरी लागतो.

देशोदेशींच्या परीक्षांतूनहि हेंच बाहेर येतें. फिनलंडच्या युव्हॅस्क्युला विद्यापीठांत 'ग्राफोगेम' नांवाचा एक संगणकी खेळ तयार झाला. कानीं पडलेल्या ध्वनीचें अक्षर ओळखून काढावयाचें, असा तो खेळ पुढें अनेक भाषांत आणि देशांत वापरण्यांत आला. त्याच्यावरील अनेक परीक्षांचा एकत्र विचार २०२० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां दिसून आलें कीं, मुलाला खेळ देऊन सोडून दिल्यास शब्दवाचनांत फारसा लाभ होत नाहीं. मोठें माणूस शेजारीं बसून त्यांत लक्ष घालीत असल्यास लाभ स्पष्ट दिसतो. टांझानिया देशांत सुमारें १७० खेड्यांतील २,७०० च्या आसपास मुलांना टॅब्लेट, म्हणजे संगणकी पाट्या, देऊन एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यांत आली. तिचा निकाल २०१९ सालीं लागला. स्पर्धेच्या चालकांनीं सांगितल्याप्रमाणें आरंभीं शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक मुलांना स्वाहिली भाषेंतला एकहि शब्द वाचतां येत नव्हता. पंधरा महिन्यांनीं तें प्रमाण निम्म्यावर आलें. ज्या ठिकाणीं शाळाच नाहीं तेथें ही कमाई थोडी नव्हे. पण राहिलेल्या निम्म्या मुलांना पंधरा महिने पाटी हातांत असूनहि एक शब्द वाचतां आला नाहीं, ही या आंकड्याची दुसरी बाजू आहे. दिल्लींत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या कांहीं वर्गांची अशीच कसून पाहणी झाली व तिचा निष्कर्ष २०१९ सालीं छापला गेला. तेथें साडेचार महिन्यांत मुलांची हिंदी व गणित या दोन्ही विषयांत चांगली प्रगति झाली. मात्र त्या वर्गांत अर्धा वेळ संगणकाचा असे आणि अर्धा वेळ लहान गटांत शिकविणाऱ्या माणसाचा.

आतां राहिली ती दुसरी, विस्मृतीची अडचण. तिच्याविषयीं सर्वांत उद्बोधक अनुभव आफ्रिकेंतील नायजर या देशाचा आहे. २००९ सालापासून तेथें ११३ खेड्यांत प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले. पुस्तकें तींच, तास तेच. परंतु कांहीं खेड्यांत शिकणाऱ्यांना साधा मोबाइल फोन कसा वापरावयाचा हेंहि शिकविण्यांत आलें. त्या फोनवर कोणतेहि पाठ नव्हते. बोलण्यापेक्षां लेखी निरोप धाडणें तेथें स्वस्त पडे, म्हणून लोक हौसा आणि झर्मा या आपल्या भाषांत एकमेकांना निरोप लिहूं लागले. फोन शिकलेल्या खेड्यांतील माणसें परीक्षेंत सरस ठरलीं, आणि वर्ग संपून कित्येक महिने लोटल्यावरहि गणितांत त्यांची आघाडी टिकून राहिली. बाजारभाव विचारणें, परगांवच्या मुलाची खुशाली घेणें, एवढ्या कारणांनीं त्यांचें शिक्षण कामाला येऊं लागलें. अक्षर टिकतें तें कामाला येत असेल तरच.

या अनुभवाच्या उजेडांत आजची परिस्थिति पाहिली म्हणजे एक चमत्कारिक पेंच दिसतो. आजचा फोन वाचावयास लावील, तसा वाचनापासून सुटकाहि देईल. निरोप लिहिण्याऐवजीं बोलून पाठवितां येतो. हवें तें बोलून विचारतां येतें व उत्तर चित्रांतून मिळतें. निरक्षर माणसाची यांत सोय आहे, आणि त्या सोयीचा हेवा करण्याचें कारण नाहीं. पण जो केवळ ऐकतो, त्याला सांगणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावें लागतें. करारनाम्यांत काय लिहिलें आहे तें त्याला दुसऱ्यानेंच सांगावयाचें. चेन्नईच्या पेठेंतल्या त्या गृहस्थाप्रमाणें तो सदैव वाट विचारणाराच राहतो.

भारत सरकारचा २०२२ ते २०२७ या पांच वर्षांसाठीं आंखलेला नव भारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं आहे, आणि त्याची भिस्त स्वयंसेवकांवर आहे. ही योजना सुशिक्षित घरांच्या उंबरठ्यापाशीं येऊन थांबते असें म्हटलें तरी चालेल. कारण आजवरच्या प्रयोगांत जी वस्तु कमी पडली, ती यंत्र नव्हे. शेजारीं बसणारें माणूस कमी पडलें. चित्रें दाखविणें, तोच धडा पन्नास वेळां म्हणून दाखविणें, चुकीला न हंसणें, हीं कामें संगणकानें घ्यावींत. तीं तो माणसाहून चांगलीं करतो. शब्दावर बोट ठेवून "हें कोणतें?" असें विचारणें, 'पानी' म्हणणारीला धीर देणें, हात धरून अक्षर वळवून घेणें आणि वर्ग संपल्यावर फोनवर दोन ओळींचा लेखी निरोप धाडून तिच्या उत्तराची वाट पाहणें, हीं कामें घरांतल्या कोणाहि वाचत्या माणसाला करतां येण्यासारखीं आहेत. त्याला पदवी लागत नाहीं. कामें आटोपल्यावरचा रोजचा अर्धा तास लागतो. चाळीस-पंचेचाळीस तासांचा हिशेब धरला तर हे तीन महिने होतात. त्या तीन महिन्यांच्या शेवटीं एखादी बाई बसथांब्यावर उभी राहून शेजारच्याला न विचारतां समोरच्या बसवरचें नांव वाचते आणि तींत चढते. आणि त्या संध्याकाळीं मुलाच्या शाळेंतून आलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या हातीं देण्याआधीं स्वतः उघडते.